जाखाईचा मंगळवार

पप्पूनं कॅनचं झाकणसुद्धा उघडलं नाही. फॅट काढायच्या यंत्रावरची नसलेली धूळ तो फडक्यानं पुसत राहिला, आणि क्रांती कडेवर पोर नि हातात कॅन घेऊन डेअरीच्या पायरीवर उभी राहिली. मागं रांग होती. रांगेतल्या बाया आज आपसात बोलत नव्हत्या, तेव्हाच तिला उमगायला हवं होतं.

"पप्पूदादा, धर की. हात भरून आला."

"न्हाई वयनी. तुमच्या घरचं दूध घ्यायचं न्हाई म्हनून सांगितलंय."

"कुणी?"

"कुणी म्हंजी? पंचांनी." पप्पूनं फडकं झटकलं. "तुमी जाखाईचा वार मोडलाय. ते फेडल्याबिगर न्हाई."

"मी मोडला. म्हशींनी काय केलं?"

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. पप्पू ओशाळला. माणूस वाईट नव्हता, पण डेअरी धैर्यशीलदादांची, देवळाच्या पंचांत पहिला शब्द त्यांचाच, आणि पप्पूच्या घरची चूल त्यांच्याच जिवावर पेटायची. तो मान खाली घालून म्हणाला, "माज्यावर चिडून काय उपेग, वयनी?"

क्रांती कॅन घेऊन वळली. रांगेतल्या बायांनी पदर आवरून तिला वाट दिली. ओळखीच्याच सगळ्या. एकीच्या बाळंतपणात क्रांती रात्रभर जागली होती. संयू आईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी खेळत स्वतःशीच काहीबाही बोलत होती. दोन दात आल्यापासून तिला सगळ्या जगाशी बोलायचं असे. त्या बोबड्या आवाजानं क्रांतीच्या डोळ्यांत पाणी यायला झालं, आणि ते येऊ नये म्हणून तिनं दात इतके घट्ट आवळले की कानशिलं दुखली.

हिंगणदऱ्याचा मंगळवार म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर जुना दगडी बंधारा आहे. त्याच्या काठाला शेंदूर फासलेला एक दगड, तीच जाखाई. मंगळवारी दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत बंधाऱ्याच्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. शेंदायचं नाही, उपसायचं नाही, त्या बाजूला पाऊलसुद्धा टाकायचं नाही. त्या दिवशीचं पाणी आईचं. पुढं गावात रस्त्याकडेला फरशीचं नवं देऊळ झालं, आईचा मुखवटा तिथं आला, पण वार तसाच राहिला. गुराखी त्या दिवशी गुरं दुसऱ्या माळाला नेतात. फौजेतून सुटीवर आलेला जवानही मंगळवारी बंधाऱ्याकडे तोंड करत नाही. गावाचं भलं या वारावर आहे, असं हिंगणदऱ्यात पोर बोलायला लागलं की शिकवतात.

क्रांतीही हे मानत होती. सासरी आल्यापासून तिनं एक मंगळवार चुकवला नव्हता.

मग संयूला जुलाब लागले. खालच्या वस्तीतला नळ केव्हाच आटलेला, हातपंप नुसता खोकायचा. सोमवारी भरून ठेवलेलं पाणी लंगोट धुण्यात नि पोरीला पुसण्यात संपलं. मंगळवारी दुपारी पोर पोटाशी पाय घेऊन कळवळत होती, अंगाखालची चादर भरली होती, आणि घरात पाण्याचा थेंब नव्हता. नवरा, शिवतेज, राजस्थानात सरहद्दीवर. सासू पोरीला धरून बसलेली. क्रांतीनं घागर उचलली. बंधाऱ्यावर जाऊन हात जोडले, आई, पोरीसाठी नेते म्हणाली, घागर भरली.

आणि तेव्हाच तिला आवाज ऐकू आला होता. काठाला ओळीनं मोटारींची पत्र्याची खोपटी आहेत, वरच्या द्राक्षबागांना पाणी नेणारी. सगळ्यांना कुलपं होती, माणूस एकही नव्हता, आणि मोटारी चालू होत्या. पाण्यात बुडालेले पाइप थरथरत होते. ती दचकली. कुणीतरी चालू ठेवून विसरलं असेल असं वाटलं तिला. घाईत निघाली, आणि पाणंदीच्या तोंडाशी सिद्धू गुरवानं तिला घागरीसकट पाहिलं.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झोडपून गेला. फुलोऱ्यातल्या बागांची गळ झाली. सलग दुसरं वर्ष. धैर्यशीलदादांची बाग तर नुसती काठ्या उभ्या केल्यासारखी दिसायला लागली. गावाला कारण हवं होतं. सिद्धू गुरवाकडं ते घागरीसकट तयार होतं.

"पड की पाया, आन हो मोकळी," सासू, अंबूबाई, म्हणाली. परत आलेलं दूध चुलीवर आटत होतं आणि सासू उलथन्यानं कढईचा तळ खरवडत होती. "आईम्होरं वाकायला कसला कमीपणा?"

"आईम्होरं कुठं, आत्याबाई? धैर्यशीलदादाम्होरं वाकायचंय."

"चूक झाली का न्हाई तुजी?"

"झाली. पोरगी मेली असती तर चूक झाली नसती."

अंबूबाईनं उलथनं थांबवलं. तिनं नातीकडं पाहिलं. संयू पोत्यावर बसून रिकाम्या घागरीवर चमचा वाजवत होती, अगदी मन लावून. म्हातारीनं कढई चुलीवरनं उतरवली. मग वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मी नवी नवरी हुते तवा मंगळवारी आपल्या दारातनं पानी जायाचं."

"कुठलं पाणी?"

"ओढ्याचं. बंधाऱ्याला मधी खाच हाय बग, सांडव्याची. वर कुणी उपसलं न्हाई की दुपारपातुर पानी चढायचं आन खाचंतनं खाली सुटायचं. आमी वाफं भिजवायचो. मेथी, वांगी, मिरच्या. लय भाजी निघायची आपल्या वस्तीत. बुधवारी बाजारात कुनाचा हात रिकामा नसायचा. आन वरच्या बागंत द्राक्षाच्या घडांच्या विरळनीला बाया लागायच्या त्या समद्या आपल्याच वस्तीच्या. धैर्यशीलचा बाप हात जोडून यायचा बोलवायला."

"मग?"

"मग काय, यायचं बंद झालं पानी. कवा बंद झालं त्ये कळलंबी न्हाई. पाऊस कमी झाला म्हनले. वाफं गेलं. मानसं गेली, कोन माधवनगरला, कोन सांगलीच्या मार्केटात. आता विरळनीला बाई मिळत न्हाई म्हून वरचं रडत्यात."

क्रांती उठून उभी राहिली. तिला एकदम पत्र्याची खोपटी दिसली, कुलपं दिसली, थरथरणारे पाइप दिसले. विसरलं बिसरलं कुणी नव्हतं.

"आत्याबाई, मंगळवारी मोटारी चालत्यात."

"काय बोलतीस? मंगळवारी बंधाऱ्याकडं कोन जाणार?"

"कोणच जात न्हाई. म्हणूनच चालत्यात."

संध्याकाळी देवळात पंच बसले. सभामंडपात गुळगुळीत फरशी, वर पंखे, खांबांवर देणगीदारांच्या पाट्या. आकारामअण्णा मधोमध बसले होते, वयानं वाकलेले, कपाळाला भंडारा. त्यांना गावात सगळे मानत, क्रांतीही मानायची. अण्णांनी उभ्या जन्मात मंगळवारी परसातल्या आडालासुद्धा दोर लावला नव्हता. त्यांच्या शेजारी धैर्यशीलदादा, इस्त्रीचे कपडे, मांडीवर फोन पालथा.

"पोरी," अण्णा म्हणाले, "गाव बसलं, बुडालं. दोन वर्सं झाली, बागा गळत्यात. इमान सुटलं की बरकत जाती. तुझं पोर आजारी हुतं, आमाला कळतं. पर आई काय म्हनंल?"

"आई काय म्हणंल ते आईला इचारू, अण्णा. पण मी गेले तवा बंधाऱ्यावरच्या मोटारी चालू हुत्या."

मंडपात हसू पसरलं. धैर्यशीलदादा सगळ्यांत मोकळं हसले. "ऐकलं का? मंगळवारी रानात चिटपाखरू नसतंय. मोटारी काय भुतं चालवत्यात व्हय गं?"

"ते तुमीच सांगा, दादा. खोपटी तुमा बागावाल्यांचीच हायत."

"आपलं पाप झाकाय दुसऱ्यावर चिखल उडवायचा," दादा अण्णांकडं वळून म्हणाले, जणू क्रांती तिथं नव्हतीच. "कुणी बघितलंय का? कोण गेलतं का मंगळवारी तिकडं? साक्षीला एक माणूस उभा करा म्हणावं."

कोण उभं राहणार? सगळं गाव वार पाळत होतं. अख्ख्या गावाच्या श्रद्धेचं कुंपण घालून त्याच्या आड चारपाच जणांनी पाइप सोडले होते, आणि त्या कुंपणाच्या आत डोकावलेली एकटी बाई, तीच गुन्हेगार. क्रांतीच्या छातीत असा जाळ उठला की तिला वाटलं, आपण आत्ता ओरडलो तर थांबता येणार नाही. ती ओरडली नाही. कडेवर संयू पेंगत होती.

"ओल्या लुगड्यानं दंडवत घाल," अण्णांनी निकाल दिला. "येत्या मंगळवारी. तुज्या दारातनं निघायचं. गावाची रीत हाय, घरटी मानूस तुज्या मागनं चालंल. कुनी तुला अडवायचं न्हाई, आन तू आपनहून उठल्याबिगर कुनी घरला जायाचं न्हाई. मग सांजचं दूध डेअरीत घाल. हाय का कबूल?"

"घरटी माणूस म्हणजे सगळी घरं ना, अण्णा? दादांचंबी?"

"समदी."

"मग कबूल."

त्या रात्री शिवतेजचा फोन आला तेव्हा तो खवळला होता. असं वाळीत टाकायला कायद्यानं बंदी आहे, सरळ तक्रार कर, मी इथनं साहेबांशी बोलतो.

"कर की बोलणं," ती म्हणाली. "पोलीस येतील, चहा पिऊन जातील. दुसऱ्या दिवशी दूध कोण घेणार? आणि मला नुसतं दूध घालायचं न्हाई आता."

"मग काय करायचंय?"

"देवाचं करायचंय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी ती घागरभर पाणी अंगावर घेऊन दारात आली. हिरवं लुगडं अंगाला चिकटलेलं, कमरेला लिंबाचे डहाळे. अंबूबाईनं संयूला पोटाशी बांधलं आणि हातात तांब्या घेतला. पुढं पाणी शिंपायचं काम तिनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. हलगी कडाडली. क्रांती आडवी झाली. हात लांब केले, बोटं टेकली तिथं रेघ ओढली, उठली, रेघेवर पाय ठेवून पुन्हा आडवी झाली.

वस्तीतली माती मऊ होती. गावातला रस्ता डांबराचा होता, तापायला लागलेला. कोपरं सोलवटली. पुरुष दोन्ही अंगांनी उभे होते, हात जोडून. ओल्या लुगड्यातल्या बाईकडं बघायला जोडलेले हात आड येत नाहीत. ती त्यांच्या चपला बघत होती आणि एकेका चपलेला मनात शिव्या देत होती. संयूच्या दुधाची वेळ झाली होती. पोर मागं कुरकुरली की क्रांतीच्या छातीला कळ लागायची, पदर आणखी ओला व्हायचा, आणि ती पुन्हा जमिनीवर पडायची, त्याच भरल्या छातीवर.

देवळाची पायरी आली. धैर्यशीलदादा पायरीवर उभे होते, नारळ घेऊन. सिद्धू गुरवानं घंटा वाजवली. "आली, आईच्या पायाशी आली," कुणी म्हणालं.

क्रांतीनं पायरीला डोकं टेकलं. उठली. देवळाला उजवीकडे ठेवलं, आणि पाणंदीच्या दिशेनं तोंड करून पुन्हा आडवी झाली.

हलगी अडखळली.

"आगं, हितं, हितं," गुरव म्हणाला.

"वार बंधाऱ्याचा मोडलाय," ती जमिनीवरूनच म्हणाली. "फेडणार तिथंच. मूळ आई तिथं हाय."

"आज मंगळवार हाय," धैर्यशीलदादा पायरी उतरले. त्यांचा आवाज पहिल्यांदा वर गेला. "बंधाऱ्याकडं जायचं न्हाई. अण्णा, थांबवा हिला. वारावर वार मोडाय निघाली ही."

सगळे अण्णांकडं बघायला लागले. अण्णा काठी टेकून उभे होते. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की ते आपल्याच शब्दात सापडले आहेत, आणि खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला अशा वेळी दुसरी वाट नसते.

"दंडवत घालनारीला अडवायचं न्हाई," ते म्हणाले. "आन मी सोता मागनं चालनार. वाजीव रं."

पाणंद खोल आहे, दोन्ही बाजूंनी निवडुंग नि घाणेरी. खडे होते, काटे होते. तिथं फोनला रेंज येत नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. धैर्यशीलदादा पुढं घुसायला बघत होते, पण दंडवताच्या पुढं फक्त पाणी शिंपणारीनं चालायचं असतं, आणि अंबूबाई पाणंदीच्या मधोमध तांब्या घेऊन चालली होती, म्हातारपणाच्या सगळ्या हक्कानं सावकाश. दादांनी खिशातनं फोन काढला, बघितला, ठेवला. पुन्हा काढला.

"दादा, फोन लागत नसतोय हितं," पप्पू भाबडेपणानं म्हणाला. "वर बाभळीपाशी लागंल."

बाभळीपाशी पाणंद वर चढते. तिथं फोनला रेंज मिळते आणि तिथंच बंधारा दिसतो. क्रांती तिथवर पोचली, आडवी झाली, आणि कान जमिनीला लागलेला असल्यामुळं तिला ते सगळ्यांच्या आधी जाणवलं. तिनं हात वर केला. हलगी थांबली.

मग सगळ्यांनी ऐकलं. एकसारखी घूं घूं, पाण्यावरून येणारी. मंगळवारी, भर दुपारी, माणूस नसलेल्या रानात. पाइप थरथरत होते. बंधाऱ्याचं पाणी खाचेच्या खाली हातभर उतरलेलं, कडेचा चिखल उघडा.

अण्णांची काठी हातातून सुटली, ती कुणी उचलली नाही.

आणि तेवढ्यात धैर्यशीलदादांचा अंगठा फोनवर फिरला. चोरून, मांडीशी. पलीकडं कुलूपबंद खोपटातली एक मोटार गचका देऊन बंद पडली. खोपटापाशी कुणी नव्हतं. गाव आधी खोपटाकडं बघायला लागलं, मग दादांच्या हाताकडं. एवढी घाई केली नसती तर चालू राहून गेली म्हणायला जागा होती. दुसरी मोटार बंद पडली तेव्हा गर्दीतल्या आणखी एका पंचाचा हात खिशात होता. तिसऱ्या वेळी तर लोक आवाजाकडं बघेनातच. कुणाचा हात हलतोय तेवढंच बघत होते.

"भुतं लय शिकली की," मागनं एक बाई म्हणाली. डेअरीच्या रांगेतली.

"फोनवर चालत्या व्हय रं मोटारी?" अण्णांनी विचारलं. "घरात बसून?"

"अण्णा, बागा जळाय लागल्या हुत्या," दादा म्हणाले. "आन आमी पाऊल कुठं टाकलं हिकडं? पाऊल टाकायचं न्हाई एवढंच..."

"गप," अण्णा म्हणाले. हळूच म्हणाले, पण धैर्यशीलदादा गप झाले.

क्रांती राहिलेलं अंतर आडवी पडून, उठून, पुन्हा आडवी पडून गेली. कुणी मध्ये आलं नाही. शेंदराच्या दगडाला तिनं कपाळ लावलं. मग वळून बसली, दगडाला पाठ टेकून, गावाकडं तोंड करून, आणि सासूकडं हात पसरले. अंबूबाईनं संयूला तिच्या मांडीत दिलं. तिनं ओला पदर पोरीवर ओढला. रडून रडून लाल झालेली पोर अशी चिकटली की क्रांतीच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं. सोललेल्या कोपराच्या खाचेत तिनं पोरीचं डोकं अलगद ठेवलं. मुठीत आईचं बोट धरून संयू घोट घोट प्यायला लागली.

अण्णा जवळ आले. डोळे भरले होते त्यांचे. "ऊठ पोरी. झालं. फिटलं तुजं. आता घरला चल."

"न्हाई, अण्णा."

"आता काय ऱ्हायलं?"

"गाव बसलं ते माझ्या घागरीनं बसलं का, ते बघायचं ऱ्हायलंय. तुमी म्हणला, इमान सुटलं की बरकत जाती. खरं हाय. आमच्या वस्तीचं वाफं गेलं, बाया गेल्या, मग तुमच्या बागांना हात न्हाईत. अवकाळी पाऊस दोन वर्सांचा हाय. पाण्याची चोरी कवापासनं हाय, ते ह्यांना इचारा." तिचा आवाज थरथरत होता, संयूला दचका बसू नये म्हणून तिनं तो दाबून ठेवला होता आणि त्यामुळं तो जास्तच धारदार झाला होता. "मंगळवारचं पाणी आईचं. आई ते कुठं पाठवायची, ते आत्याबाईंस्नी ठावं हाय. खाचंतनं सुटून आमच्या दारात पोचलं की मी उठते. तवर बसते."

"सांज हुईल," धैर्यशीलदादा म्हणाले.

"हूं दे. तुमाला कुठं जायचंय? मी उठल्याबिगर घरला जायचं न्हाई."

रीत गावाची होती, निकाल अण्णांचा होता. अण्णांनी पटका सोडला, खडकावर अंथरला आणि बसले. मग बाया बसल्या. मग बाकीचे. इस्त्रीच्या कपड्यांतली माणसं सगळ्यांत शेवटी बसली, तापलेल्या दगडांवर, सावलीच्या बाहेर. कुणीतरी सिद्धू गुरवाला विचारलं की मोटारी चालू असतात हे आईनं तुझ्या अंगात येऊन कधी सांगितलं नाही का. तो चिखलाकडं बघत राहिला.

पाणी चढायला लागलं होतं. दिसत नव्हतं, पण कडेच्या चिखलातली गुरांच्या खुरांची खळगी एकेक करून भरत होती. अंबूबाई ओढ्याच्या कोरड्या पात्रातून एकटीच खाली निघाली, वस्तीकडं, पाणी कुठवर येतंय ते बघायला.

"पप्पूदादा," क्रांती म्हणाली.

"आं?"

"सांजचं दूध आज उशिरानं यील. मापं धुऊन ठेव."

पप्पूनं सवयीनं धैर्यशीलदादांकडं बघितलं. मग तिकडनं नजर काढून घेतली. "ठेवतो, वयनी."

संयू पिता पिता झोपली होती. तोंडातून दुधाची धार हनुवटीवर आली होती. क्रांतीनं ती अंगठ्यानं पुसली आणि मान वर करून खाचेकडं बघत बसली. राग उतरला नव्हता, आणि तो तिला उतरवायचाही नव्हता.